दिल्ली, चेन्नई, बालेवाडी : एका टेनिस-स्पर्धेचा इतिहास

टेनिसच्या एका स्पर्धेचा इतिहास हा व्याख्यानाचा विषय व्हावा, याचे काहींना नवल वाटेल. राज्ये, लढाया, तह आणि सुधारणा यांच्या पंक्तीस एका खेळाला बसवावयाचे कशाला, असे कोणी विचारले तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु जे आपल्या गावात दरसाल भरते ते आपल्या गावाचे असते काय, हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. जत्रा, बाजार, उत्सव, संमेलने या सर्वांना तो लागू आहे. आणि त्याचा उलगडा करण्यास या स्पर्धेच्या हकीगतीइतके सोयीचे उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

प्रथम हकीगतीचा सांगाडा सांगून टाकू. पुरुषांची ही व्यावसायिक टेनिस-स्पर्धा १९९६ साली दिल्लीत सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी ती चेन्नईस गेली आणि १९९७ पासून २०१७ पर्यंत सलग २१ वर्षे तेथे नांदली. २०१८ साली ती पुण्यास, बालेवाडीच्या क्रीडानगरीत आली. मध्ये २०२१ साली महामारीमुळे खंड पडला. तो वगळता २०२३ पर्यंत ती बालेवाडीत ५ वेळा भरली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये वेळापत्रकातील तिची जागा हाँगकाँगच्या स्पर्धेने घेतली. एकंदर २७ वेळा भरलेल्या या स्पर्धेची नावे अनेक झाली, शहरे तीन झाली. इतके सर्व पालटत असताना ती ‘एकच स्पर्धा’ कशी काय राहिली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आज ‘व्यावसायिक’ हा शब्द आपण खेळाडूच्या गौरवासाठी वापरतो. टेनिसच्या जगात दीर्घ काळ तो शब्द जवळजवळ बहिष्काराचा होता. विम्बल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली, तेव्हापासून ९० वर्षे तिचे दार फक्त हौशी खेळाडूंना उघडे होते. खेळावे ते आनंदासाठी, पोट भरण्यासाठी नव्हे, असा त्या काळच्या इंग्रज गृहस्थांचा दंडक. दंडक उदात्त खरा. पण ज्याचे पोट आधीच भरलेले आहे त्यालाच तो पाळता येत होता, हेही तितकेच खरे. १९२६ साली फ्रान्सची सुझान लाँग्लेन हिने पैसे घेऊन अमेरिकेत सामने खेळण्यास आरंभ केला, आणि हौशी जगाला ती परकी झाली. पुढे जॅक क्रॅमर याने नामांकित खेळाडूंना करारांनी बांधून त्यांचा एक फिरता ताफाच उभा केला. आज या शहरी, उद्या त्या शहरी, मिळेल त्या जागी मैदान आखावयाचे, सामना खेळावयाचा आणि रात्री पुढच्या मुक्कामास निघावयाचे. आपल्याकडील तमाशाच्या फडासारखेच हे जिणे होते. भारताच्या रामनाथन कृष्णन यांनी १९६० व १९६१ साली विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली. क्रॅमरने त्यांनाही बोलावणे धाडले होते. कृष्णन यांनी ते नाकारले आणि ते हौशीच राहिले.

हे दुटप्पी जग १९६८ साली संपले. त्या वर्षीच्या एप्रिलात इंग्लंडमधील बोर्नमथ येथे हौशी आणि व्यावसायिक खेळाडू प्रथमच एका स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उभे राहिले. ती स्पर्धा केन रोझवॉल याने जिंकली. व्यावसायिक झाल्यामुळे ऐन उमेदीची ११ वर्षे विम्बल्डनच्या मुख्य स्पर्धेचे दार त्यास बंद होते. या रोझवॉलचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे; बालेवाडीच्या हकीगतीत ते पुन्हा येणार आहे.

दार उघडल्यावर जगभरच्या स्पर्धा एका माळेत ओवण्याचा उद्योग सुरू झाला. १९७० पासून ‘ग्रां प्री’ नावाची मालिका चालू झाली, आणि १९७३ पासून भारतातही तिची एक स्पर्धा भरू लागली. त्या पहिल्या वर्षी दिल्लीत विजय अमृतराज यांनी ती जिंकली. १९७५ साली कलकत्त्यास त्यांनी ती पुन्हा जिंकली. १९७८ साली तेथेच फ्रान्सचा तरुण यानिक नोआ विजयी झाला. ही स्पर्धाही एका जागी ठरली नाही. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, बंगलोर अशी ती फिरत राहिली आणि पुढे तिचा क्रमच खुंटला. म्हणजे स्पर्धेने गाव बदलण्याची रीत आपल्याकडे बालेवाडीच्या फार आधीपासूनची आहे.

१९७२ साली व्यावसायिक खेळाडूंनी आपली संघटना स्थापन केली होती. तीच आज एटीपी या आद्याक्षरांनी ओळखली जाते. १९९० पासून पुरुषांच्या बहुतेक मोठ्या स्पर्धांचे वेळापत्रक तिच्या दौऱ्याखाली आले. येथे एक व्यवहाराची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सारी कथा तिच्यावरच उभी आहे. वर्षाचे आठवडे ५२. खेळाडूंना थोडी विश्रांती हवी, चार मोठ्या स्पर्धांना त्यांचे आठवडे हवेत. उरलेल्या आठवड्यांत जगभरच्या शहरांची मागणी भागवावयाची. तेव्हा अमुक आठवड्यात अमुक दर्जाची स्पर्धा भरविण्याचा हक्क ही एक मौल्यवान सनद होऊन बसली. सनद ज्याच्या हाती तो यजमान शोधतो. यजमान शहर मैदान देते, स्थानिक संघटना माणसे देते, सरकार आणि उद्योगपती पैसा देतात. इनाम-वतनांच्या आमच्या इतिहासात जशी वतने गहाण पडत, विकली जात, तशी ही सनदही एका शहरातून दुसऱ्या शहरात नेता येते. गावातील प्रेक्षक समजतो की स्पर्धा आमची. वस्तुतः आमचे असते ते मैदान. आठवडा दुसऱ्याचा असतो.

अशा सनदेवर १९९६ च्या एप्रिलात दिल्लीत पहिली स्पर्धा झाली. स्वीडनच्या थॉमस एन्क्विस्टने झिम्बाब्वेच्या बायरन ब्लॅकला हरवून ती जिंकली. दिल्लीशी तिचा संबंध एवढाच. १९९७ साली ती चेन्नईस आली आणि तेथे मात्र तिला घर मिळाले. त्याला कारणे होती. मद्रास हे टेनिसचे जुने गाव. कृष्णन पितापुत्र तेथले, अमृतराज बंधू तेथले. १९९५ साली तेथे दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्यासाठी नुंगम्बाक्कम भागात नवे टेनिस-मैदान उभे राहिले होते. शहराला मद्रास हे नाव टाकून चेन्नई हे नाव मिळाल्यास जेमतेम वर्ष होत होते. नवे नाव, नवे मैदान आणि नवी स्पर्धा असा तो योग जुळून आला.

स्पर्धेच्या नावाचाही एक छोटासा इतिहास आहे. चेन्नईत ती आली ती ‘गोल्ड फ्लेक ओपन’ या नावाने. दमसासाची परीक्षा पाहणाऱ्या या खेळाच्या स्पर्धेस एका सिगारेटचे नाव असावे, हा विरोध त्या काळी फारसा कोणास खटकला नाही. २००२ साली ते नाव गेले आणि ‘टाटा ओपन’ हे नाव आले. तंबाखूच्या जाहिरातींना व प्रायोजकत्वाला मनाई करणारा कायदा आपल्याकडे २००३ साली झाला. पुढे ‘चेन्नई ओपन’ हे नाव रूढ झाले, आणि लोकांच्या तोंडी तेच राहिले. देणगीदाराचे नाव पाटीवर राहते, गावाचे नाव जिभेवर राहते, हा अनुभव आपल्या धर्मशाळांना आणि शाळांनाही आहेच.

चेन्नईच्या पहिल्याच वर्षी एक गोष्ट घडली, तिचे महत्त्व कळावयास काही काळ जावा लागला. लिएंडर पेस आणि महेश भूपती या दोघा तरुणांनी दुहेरीचे विजेतेपद मिळविले. जोडीने जिंकलेले त्यांचे हे या दौऱ्यावरील पहिलेच विजेतेपद. १९९८ आणि १९९९ साली त्यांनी ते पुन्हा मिळविले. १९९९ साली तर हीच जोडी फ्रेंच स्पर्धा आणि विम्बल्डन जिंकून जगात पहिल्या क्रमांकावर गेली. पुढे २००२ आणि २०११ साली चेन्नईत ते पुन्हा विजयी झाले. दरम्यान दोघांत दुरावा आला, समेट झाला. त्या साऱ्याची चर्चा वृत्तपत्रांतून भरपूर झाली. आम्हांस एवढेच नोंदवावयाचे आहे की, जगज्जेतेपदाची त्यांची वाट घरच्या मैदानावरून सुरू झाली. विमानाचे भाडे, परदेशातील मुक्काम, अनोळखी हवा यांचा भार नसताना आपल्या माणसांसमोर मोठ्या दर्जाचा सामना खेळावयास मिळणे, याची किंमत खेळाडूसच कळते.

एकेरीत जे आले त्यांची नामावळी काही लहान नाही. १९९७ ची अमेरिकन स्पर्धा जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा पॅट्रिक राफ्टर १९९८ साली चेन्नईत विजयी झाला. दिल्लीत हरलेला बायरन ब्लॅक १९९९ साली चेन्नईत जिंकला. थायलंडचा पॅराडॉर्न श्रीचाफन २००२ ते २००५ अशी सलग चार वर्षे अंतिम फेरीत आला आणि त्यांपैकी एकदाच, २००३ साली, जिंकला; पण चेन्नईकरांनी त्याला घरच्यासारखे मानले. २००४ आणि २००५ चे दोन्ही अंतिम सामने तो स्पेनच्या कार्लोस मोयाशी हरला, आणि दोन्ही वेळा निकाल तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर लागला.

२००५ च्या त्या स्पर्धेस एक दुःखद पार्श्वभूमी होती. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी तामिळनाडूचा किनारा झोडपला होता. त्यानंतर आठवड्याभरात खेळ सुरू करावा काय, हा प्रश्न साधा नव्हता. खेळ झाला; आणि विजेत्या मोयाने आपल्या बक्षिसाची रक्कम आपद्‌ग्रस्तांच्या मदतीस दिली. परक्या देशातून चार दिवसांसाठी आलेल्या खेळाडूचे गावाशी नाते जुळते ते अशा प्रसंगी. पुढेही या शहराने २०१५ च्या अखेरीस महापूर सोसला, २०१६ च्या डिसेंबरात चक्रीवादळ सोसले, आणि दोन्ही वेळा जानेवारीत स्पर्धा भरविली.

२००८ साली राफाएल नदाल आणि मोया हे दोघे स्पॅनिश मित्र उपान्त्य सामन्यात समोरासमोर आले. तीन सेटांचा तो सामना चार तासांस काही मिनिटे कमी इतका चालला. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि नदाल जिंकला. परंतु दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात तो जणू रिकामा होऊन आला होता. रशियाच्या मिखाइल यूझनीने त्याला ६-०, ६-१ असे हरविले. आदल्या दिवशीच्या विजयाची किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते, हे खेळातील सत्य इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

आणि २००९ चे वर्ष तर भारतीयांनी विसरू नये असे. यजमानांच्या हाती काही राखीव प्रवेश असतात, त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. असा प्रवेश मिळालेला सोमदेव देववर्मन, अमेरिकेतील विद्यापीठीय टेनिसमधून नुकताच बाहेर पडलेला, मानांकनात कोठेच नसलेला, दोन वेळच्या विजेत्या मोयाला हरवून पुढे गेला, उंच्यापुऱ्या इव्हो कार्लोविचला हरवून उपान्त्य फेरीत आला आणि तेथे प्रतिस्पर्धी जायबंदी झाल्याने अंतिम फेरीत पोचला. क्रोएशियाच्या मारिन चिलिचने त्याला ६-४, ७-६ असे हरविले. सत्तावीस स्पर्धांच्या इतिहासात एकेरीच्या विजेतेपदाच्या इतक्या जवळ दुसरा भारतीय गेला नाही. चिलिच पुढच्या वर्षीही जिंकला आणि २०१४ साली अमेरिकन स्पर्धेचा विजेता झाला.

चेन्नईवर सर्वांत अधिक हुकमत कोणाची, असे विचारले तर उत्तर स्वित्झर्लंडच्या स्टॅन वावरिंकाचे द्यावे लागेल. २०११, २०१४, २०१५ आणि २०१६ अशी चार विजेतेपदे त्याची. २०१४ साली तो चेन्नईहून ऑस्ट्रेलियास गेला आणि तीन आठवड्यांत नदालला हरवून तेथील मोठी स्पर्धाही जिंकला. जानेवारीचा पहिला आठवडा का मोलाचा, याचे हे उत्तम उदाहरण होय. ऑस्ट्रेलियन स्पर्धेपूर्वी हात मोकळा करून घेण्यास खेळाडू अशा स्पर्धा शोधतच असतात. २०१७ साली चेन्नईच्या अखेरच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या रोबेर्तो बाउटिस्टा आगुटने ज्याला हरविले तो वीस वर्षांचा कोवळा रशियन म्हणजे डानिल मेदवेदेव. दौऱ्यावरचा तो त्याचा पहिलाच अंतिम सामना. २०२१ साली त्याने अमेरिकन स्पर्धा जिंकली आणि २०२२ साली तो जगात पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी दुहेरीचा अंतिम सामना चार भारतीयांमध्ये झाला, आणि रोहन बोपण्णा व जीवन नेदुंचेळियन यांनी पुरव राजा व दिविज शरण यांना हरविले. घर सोडून जाणाऱ्या स्पर्धेला याहून चांगला निरोप मिळाला नसता.

स्पर्धा पुण्यास नेण्याची घोषणा २०१७ च्या जुलैत झाली. चेन्नईकरांना धक्का बसला. एकवीस वर्षांच्या सवयीचे ते दुःख होते. पुणेकरांना आनंद झाला. आणि तोही अस्थानी नव्हता. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठविण्याच्या हालचाली याच जिमखान्याच्या शर्यतींतून सुरू झाल्या, आणि त्यांच्या पाठीशी सर दोराबजी टाटा उभे होते. जवळजवळ शंभर वर्षांनी टाटांचेच नाव लावून ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ ही स्पर्धा पुण्यात आली. बालेवाडीचे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले. २००८ साली राष्ट्रकुलाच्या युवक स्पर्धाही तेथे झाल्या. महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने यजमानपद घेतले, राज्य सरकारने पाठबळ दिले, आणि पाच स्पर्धांचा करार झाला.

पहिल्या वर्षी फ्रान्सच्या जिल सिमाँने दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन अँडरसनला हरविले. दुसऱ्या वर्षी, २०१९ साली, अँडरसन पुन्हा अंतिम फेरीत आला. या खेपेस समोर होता कार्लोविच. एक सहा फूट आठ इंच, दुसरा सहा फूट अकरा इंच. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे चेंडूस अडथळा कमी. जोरदार सर्व्हिस करणाऱ्याला पुण्याची हवा चेन्नईच्या दमट हवेपेक्षा अधिक मानवते. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि अँडरसन ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. त्या वेळी कार्लोविचचे वय ३९ होते. दौऱ्याच्या अंतिम सामन्यात इतक्या वयाचा खेळाडू यापूर्वी दिसला होता तो १९७७ साली हाँगकाँगला, आणि त्याचे नाव केन रोझवॉल. म्हणजे ज्या रोझवॉलने १९६८ साली व्यावसायिकांचे दार उघडले, त्याची आठवण बालेवाडीने जागवली. आणि जागवली ती नेमकी त्याच हाँगकाँगच्या संदर्भात, जेथे पुढे ही स्पर्धा जावयाची होती. इतिहासात असे योगायोग येतात. त्यांतून अर्थ काढू नये, पण ते नोंदवून ठेवावे.

२०२० साली चेक खेळाडू यिरी व्हेसेली जिंकला. त्यानंतर काही आठवड्यांतच जगभरची मैदाने ओस पडली. २०२१ ची स्पर्धा झाली नाही. २०२२ साली पोर्तुगालचा जोआव सौसा आणि २०२३ साली नेदरलंडचा टॅलन ग्रीक्सपूर विजयी झाला. दुहेरीत भारतीयांनी बालेवाडीतही परंपरा राखली : २०१९ साली बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ साली बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. पाच स्पर्धांचा करार २०२३ साली पुरा झाला आणि सनद पुढच्या मुक्कामास निघाली. हाँगकाँगने अशी स्पर्धा २००२ सालानंतर गमावली होती. तिला ती २०२४ साली परत मिळाली.

येथवर झाली हकीगत. आता हिशेब.

सत्तावीस स्पर्धांत दुहेरीचे विजेतेपद भारतीय खेळाडूस नऊ वेळा मिळाले. एकेरीचे एकदाही नाही. या दोन आकड्यांत आमच्या टेनिसचे सामर्थ्य आणि उणीव दोन्ही आहेत. दुहेरीत हाताची नजाकत, जाळ्याजवळची चपळाई आणि जोडीदाराचे मन ओळखण्याची कला कामास येते. हिरवळीवर वाढलेल्या आमच्या जुन्या परंपरेत हे गुण होते. एकेरीला, विशेषतः आजच्या कठीण मैदानावरच्या एकेरीला, लहानपणापासून घडविलेले शरीर, वर्षभराचा प्रवास, प्रशिक्षक, वैद्य आणि या सर्वांसाठी लागणारा पैसा हवा. वर्षातून एक आठवडा गावात मोठी स्पर्धा भरल्याने हे उभे राहत नाही. जगातले उत्तम गवई गावात येऊन गायले म्हणून गावात गवई निपजत नाहीत. त्यासाठी पहाटे तंबोरा लावून बसणारी घरे लागतात.

मग या स्पर्धेने काहीच दिले नाही काय? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. तिने पेस आणि भूपती यांना पहिली शिडी दिली. तिने देववर्मनला एक आठवडा दिला, ज्यात तो देशाला माहीत झाला. पुण्याच्याच अर्जुन कढे याला तिने मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत उभे केले. २०२३ साली बालेवाडीत पुण्याचा मानस धामणे, वय वर्षे पंधरा, अमेरिकेच्या मायकेल मो याच्याशी पहिल्याच फेरीत खेळला आणि सरळ दोन सेटांत हरला. पंधराव्या वर्षी अशा प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस अंगावर घेऊन पाहणे हे शिक्षण कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. त्या आठवड्यात चेंडू उचलण्यासाठी मैदानावर धावलेल्या मुलांनीही हा खेळ जितक्या जवळून पाहिला, तितक्या जवळून तो तिकीट काढूनही पाहता येत नाही.

मोठी स्पर्धा गेल्यावर जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. या दौऱ्याच्या खालच्या पायरीवर ‘चॅलेंजर’ नावाच्या स्पर्धा असतात. त्यांत बक्षीस कमी, गर्दी कमी, प्रसिद्धी त्याहून कमी. २०२४ च्या फेब्रुवारीत चेन्नईत, त्याच नुंगम्बाक्कमच्या मैदानावर, अशी एक स्पर्धा झाली. ती सुमित नागल या भारतीयाने जिंकली आणि जागतिक क्रमवारीत तो पहिल्या शंभरांत शिरला. म्हणजे एकवीस वर्षांच्या मोठ्या स्पर्धेत जे एकेरीचे यश आले नाही, त्याचा एक अंश मोठी स्पर्धा गेल्यानंतरच्या लहान स्पर्धेत आला. त्याच महिन्यात बालेवाडीतही चॅलेंजर स्पर्धा झाली. ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने जिंकली. तेव्हा त्याचे नाव फार थोड्यांस माहीत होते. २०२५ च्या ऑक्टोबरात हाच व्हाशेरो, क्रमवारीत दोनशेच्याही खाली असताना, शांघायची मोठी स्पर्धा जिंकून गेला. बालेवाडीच्या विरळ गर्दीत ज्यांनी त्याला पाहिले असेल, त्यांनी भावी विजेता पाहिला होता.

यावरून मोठ्या स्पर्धा नकोत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या पाहिजेत; गावाला नजर यावी म्हणून पाहिजेत. उत्तम काय असते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले नाही तो मध्यमावरच समाधान मानतो. मुंबईतही २००६ आणि २००७ साली अशाच दर्जाची दुसरी एक स्पर्धा भरली होती. ती त्याआधी व्हिएतनामात भरली होती; पुढे २००८ साली बंगळूरला व्हावयाची होती, ती झालीच नाही. आज मुंबईत तिची आठवण किती जणांस आहे? जी स्पर्धा आली, दिपविली आणि गेली, तिचे एवढेच राहते. चेन्नईत मात्र आजही लोक त्या स्पर्धेविषयी हळहळीने बोलतात, कारण तिला तेथे एकवीस वर्षे मिळाली आणि तेवढ्या वर्षांत बापाचे बोट धरून आलेली मुले स्वतःची मुले घेऊन येऊ लागली होती. महिलांची अशीच स्पर्धा २०२२ साली त्याच मैदानावर भरली, ती त्या जिव्हाळ्याच्या बळावरच.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. जत्रेत मिठाईची दुकाने, पाळणे आणि फड बाहेरगावाहून येतात आणि निघून जातात. जत्रा गावाची राहते, कारण देऊळ गावात असते. टेनिसच्या बाबतीत देऊळ म्हणजे सकाळी सहा वाजता उघडणारे मैदान, तेथे शिकविणारा माणूस, आणि ज्याच्या बापाला रॅकेट परवडत नाही अशा मुलाच्या हाती रॅकेट देण्याची गावाची तयारी. ते असेल तर सनद कोठेही जावो, गावाचे फारसे बिघडत नाही. नसेल तर दरवर्षी नदाल येऊन खेळला तरी गावाच्या पदरी फक्त तिकिटाचे तुकडे राहतील. बालेवाडीची मैदाने आज उभी आहेत. ती जानेवारीतील एका आठवड्यासाठी बांधलेली नाहीत. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत त्यांच्यावर कोण खेळते, किती मुले खेळतात आणि कोणत्या वस्तीतील मुले खेळतात, याची चौकशी करण्याचा हक्क मात्र कोणत्याही सनदेत लिहिलेला नाही. तो नागरिकांचा आहे, आणि तो त्यांनी बजावला पाहिजे.